हृदयरोपण आणि हाताचे शिक्षण

(वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून मी आपल्यापुढे उभा आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाची सनद घेतली आणि मराठी शाळेत मुलांच्या हाताला अक्षराचे वळण लावण्यात आयुष्याची पस्तीस वर्षे गेली. अशा माणसाने हृदय व फुप्फुसे यांच्या रोपणाची शस्त्रक्रिया शस्त्रवैद्य कशी शिकतात हा विषय घ्यावा, याचे आपल्या चिटणीसांना नवल वाटले आणि ते योग्यच होते. परंतु रोगाची किंवा औषधाची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही व तसा विचारही नाही. हात कसा शिकतो, त्याला किती काळ लागतो आणि तो काळ कोणी सोसावयाचा, एवढेच मला सांगावयाचे आहे. शास्त्रीय भाग मी ग्रंथालयात बसून जमविला. आमचाच एक माजी विद्यार्थी आज दक्षिणेतील एका मोठ्या रुग्णालयात हेच शिक्षण घेत आहे. त्याने तो वाचून तपासून दिला आहे.

या विद्यार्थ्याचे वडील गेल्या दिवाळीत मजकडे आले होते. ज्ञातीतलेच सद्गृहस्थ, स्वभावाने सरळ. फराळाची बशी बाजूला सारून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच याला दोन शब्द सांगा. वयाची तेहतीस वर्षे झाली. याच्या बरोबरच्या दोघांनी दवाखाने थाटले, एकाने बंगला बांधला. हा विचारले की म्हणतो, अजून हात बसावयाचा आहे. आणि करतो काय, तर खाटकाकडून आणलेली डुकराची हृदये शिवीत बसतो!"

मी त्यांना त्या दिवशी जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने आपल्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरातला नाही.

प्रथम वर्षांचा हिशेब मांडू. बारावी होऊन अठराव्या वर्षी मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात गेला असे धरा. एम. बी. बी. एस. व त्यातील सक्तीची उमेदवारी मिळून साडेपाच वर्षे. सामान्य शस्त्रक्रियेची एम. एस. पदवी तीन वर्षे. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेची एम. सीएच. आणखी तीन वर्षे. एकही परीक्षा न हुकता, एकही वर्ष प्रवेशाची वाट पाहण्यात न घालविता साडेएकोणतीस झाली. यात सरकारी बंधपत्राची सेवा धरलेली नाही. आणि इथवर आलेला शस्त्रवैद्य हृदयाच्या झडपा बदलील, हृदयाच्या रोहिण्यांना नवा मार्ग करून देईल. परंतु एका देहातील हृदय काढून दुसऱ्या देहात बसविण्याचे शिक्षण येथून पुढे सुरू होते. म्हणजे तेहतिसाव्या वर्षी तो मुलगा मागे पडलेला नाही, तर नेमका जेथे असावयास हवा तेथेच आहे.

आता हे शिवणे म्हणजे काय ते पाहू. हृदयाला रक्त आणणाऱ्या व नेणाऱ्या मोठ्या नलिका आहेत. जुने हृदय काढताना शस्त्रवैद्य त्याच्या वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, मागील भिंती रोग्याच्या शरीरातच ठेवतो. नव्या हृदयाच्या कर्णिकांच्या कडा त्या भिंतींना जोडावयाच्या. मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि सर्व शरीराला रक्त पुरविणारी महाधमनी जोडावयाची. ही मूळची पद्धत. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. ऐकावयास चार शिवणींचे काम. परंतु डाव्या कर्णिकेची मागची शिवण एकदा घालून हृदय जागेवर बसले, की ती हृदयाच्या पाठीशी जाते. तेथून रक्त झिरपू लागले तर ते पाहण्यास व पुन्हा टाका घालण्यास रक्ताने भरलेले, धडधडणारे हृदय उचलून धरावे लागते. म्हणून तो टाका पहिल्याच वेळी बिनचूक पडावा लागतो. त्यातच घड्याळ चालू असते. दात्याच्या शरीरातून निघालेले हृदय बर्फात ठेवले तरी साधारणपणे चार तासांच्या आत नव्या शरीरात त्यात रक्त खेळू लागावे अशी मर्यादा पाळतात. फुप्फुसांना थोडी अधिक सवलत आहे, सुमारे सहा तासांची. या चार तासांत प्रवासही आला. शिवणारा अडखळला तर उसना वेळ आणावयाचा कोठून?

रक्तवाहिन्या शिवता येतात हेच मुळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणास खरे वाटत नव्हते. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर लियाँ शहरात खुनी हल्ला झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवण्याची विद्या कोणत्याही शस्त्रवैद्याजवळ नसल्यामुळे ते रक्तस्रावाने गेले. त्याच शहरात आलेक्सिस कारेल नावाचा तरुण वैद्यकीचे शिक्षण घेत होता. पुढे रक्तवाहिनी शिवण्याचा ध्यास घेतल्यावर तो कोणा प्राध्यापकाकडे गेला नाही. लियाँ हे रेशमाचे व भरतकामाचे गाव, तेथील एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन बारीक सुई व बारीक धागा चालविण्यास शिकला. १९०२ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली व १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही रोपणाची प्रत्येक शिवण त्याच कुळातील आहे. भरतकामाला फावल्या वेळचा उद्योग समजणाऱ्या पुरुषमंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

परंतु हृदयरोपणाचा हात खरा घडला तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे. नॉर्मन शमवे आणि त्यांचे तरुण सहकारी रिचर्ड लोअर हे १९५० नंतरच्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. प्रयोग रोपणाचा नव्हताच. रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवून हृदय थंड ठेवले तर ते तासभर टिकते काय, एवढेच पाहावयाचे होते. तो तासभर दोघे नुसते उभे असत. त्या रिकाम्या वेळात त्यांच्या मनात आले की हृदय कापून काढावे व पुन्हा त्याच जागी शिवून पाहावे. करून पाहिले, तर कडेला धरावयास पुरेसा काठ उरेना. शिंप्याला जसे कापड कमी पडावे तसे झाले. मग सुचले की दुसऱ्या कुत्र्याचे हृदय ऐसपैस काठ ठेवून कापले तर शिवणे सोपे जाईल. अशा रीतीने १९५९ च्या अखेरीस त्यांचे पहिले यशस्वी रोपण झाले आणि १९६० साली त्यांनी ती पद्धत जगापुढे मांडली. कर्णिकांच्या भिंती मागे ठेवण्याची जी युक्ती मी आपणास सांगितली ती त्यांनीच रूढ केली. म्हणजे युक्तीही आधी हाताला सुचली, पुस्तकात मागाहून आली.

यानंतर त्यांनी माणसावर शस्त्रक्रिया केव्हा केली असेल? १९६८ च्या जानेवारीत. आठ वर्षे हा गृहस्थ प्रयोगशाळेत शिवीत राहिला. केवळ शिवण नव्हे, तर शरीर परके हृदय नाकारू लागले तर ते कसे ओळखावे व कसे थोपवावे, याचा अभ्यास चालला होता.

तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेतील डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड पुढे निघून गेले होते. तेही काही आयत्या वेळी उठलेले नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा येथे त्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया शिकली होती. १९६६ साली ते रिचमंड येथे मूत्रपिंड-रोपण शिकावयास गेले असता तेथे बदलून आलेल्या लोअर यांना कुत्र्यावर हृदयरोपण करताना त्यांनी पाहिले. परत जाऊन त्यांनी स्वतः सुमारे पन्नास कुत्र्यांवर ते करून पाहिले आणि ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे माणसावर जगातील पहिले हृदयरोपण केले. रोगी अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. शिवण मात्र शेवटपर्यंत शाबूत होती.

पुढे जे घडले ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. १९६८ या एका वर्षात जगभर सुमारे शंभर हृदयरोपणे झाली. ज्या रुग्णालयांनी त्या विषयात दीर्घ तयारी केलेली नव्हती तीही या शर्यतीत उतरली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. बहुतेक रोगी काही दिवसांत किंवा काही महिन्यांत गेले, आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ सर्वांनी हे काम सोडून दिले. ज्यांनी सोडले नाही त्यांत शमवे व लोअर प्रमुख होते. १९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्डने हे काम धरून ठेवले नसते तर कदाचित ही विद्या तेथेच खुंटली असती. धीराला लोक मंदपणा म्हणतात, तो असा.

याच संदर्भात केपटाऊनच्याच प्रयोगशाळेतील एका माणसाची ओळख आपणास करून द्यावीशी वाटते. हॅमिल्टन नाकी हे त्यांचे नाव. ट्रान्स्काय भागातील एका खेड्यात जन्म, चौदाव्या वर्षापर्यंत शाळा, त्यानंतर पोटासाठी केपटाऊन. विद्यापीठात माळी म्हणून लागले. टेनिसच्या मैदानावर रूळ फिरविण्याचे काम होते. १९५४ साली प्रा. रॉबर्ट गोएट्झ यांना एका जिराफावरील प्रयोगात मदतीला धट्टाकट्टा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी नाकींना बोलाविले. तेथून ते प्रयोगशाळेत आले. जनावरांचे पिंजरे धुणे, मग भूल देणे, मग टाके घालणे आणि शेवटी एका जनावराचे अवयव दुसऱ्यात बसविणे, अशा पायऱ्या ते चढत गेले. विशेषतः यकृताच्या रोपणात त्यांचा हात इतका बसला की पदव्या घेतलेले तरुण शस्त्रवैद्य त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम शिकून जात. वर्णभेदाच्या त्या राजवटीत कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या शस्त्रक्रियागृहात रोग्याच्या अंगाला हात लावण्याची मुभा नव्हती. १९९१ साली ते निवृत्त झाले ते माळ्याच्या निवृत्तिवेतनावर. २००२ साली त्यांच्या देशाने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला, २००३ साली केपटाऊन विद्यापीठाने मानद पदवी दिली, आणि २००५ साली ते वारले.

त्यांच्या मृत्यूनंतर काही मोठ्या वृत्तपत्रांनी असे छापले की १९६७ च्या त्या पहिल्या मानवी रोपणात नाकी यांचा गुप्तपणे हात होता. ते खरे नव्हते व त्या पत्रांना ते मागे घ्यावे लागले. मला त्या अतिशयोक्तीची गरजच समजत नाही. एका माळ्याने उद्याच्या शस्त्रवैद्यांना शस्त्र धरावयास शिकविले, ही सत्यकथा काय थोडी आहे? आपल्याकडे कोणाचा मोठेपणा सांगताना दोन-चार चमत्कार जोडण्याची खोड आहे, तीच तेथेही दिसते.

आता आपल्या घराकडे येऊ. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालय आपल्यापैकी अनेकांनी आप्तांच्या आजारपणात पाहिले असेल. तेथे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन हे शस्त्रक्रिया-विभागाचे प्रमुख होते. जन्माने बंगाली, परंतु त्यांचे वैद्यकीय शिक्षण व कार्य मुंबईतले. महानगरपालिकेच्या त्या रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांनिशी, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हृदयरोपणाचा सराव केला होता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी माणसावर हृदयरोपण केले. केपटाऊननंतर अवघ्या अडीच महिन्यांनी! भारतातील व आशियातील ते पहिले आणि जगातील सहावे होते. रोगी काही तासांतच गेला. जुन्या विकाराने त्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा अवरोध फार वाढला होता आणि निरोगी देहातून आलेले नवे हृदय त्या अवरोधाविरुद्ध रक्त ढकलू शकले नाही. आज प्रत्येक रोग्याचा हा दाब आधी मोजून पाहिल्याशिवाय त्याला यादीवर घेत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी दुसरे रोपण केले. तोही रोगी वाचला नाही. डॉ. सेन थांबले.

त्यांचे थांबणे चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठी पुरेसे चांगले औषध तेव्हा नव्हते. मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानणारा कायदाही आपल्या देशात नव्हता. तो १९९४ साली झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. १९९९ साली मद्रासेत डॉ. चेरियन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे एकत्र रोपण केले. आणि मुंबई? ज्या मुंबईने देशात आरंभ केला तेथे यशस्वी हृदयरोपण होण्यास २०१५ साल उजाडले. त्या वर्षी पुण्यात दान केलेले हृदय, रस्ता मोकळा ठेवून, मुलुंडच्या एका रुग्णालयात आणण्यात आले. के. ई. एम. मध्ये तर पुन्हा हृदयरोपण झाले ते २०२४ साली, छप्पन्न वर्षांनी.

या छप्पन्न वर्षांकडे शिक्षक म्हणून पाहतो तेव्हा एक गोष्ट मनास लागते. डॉ. सेन यांचे ज्ञान पुस्तकांत व नियतकालिकांत सुरक्षित होते. ते नाहीसे झाले नाही. परंतु ज्या हातांनी ते काम केले ते हात निवृत्त झाले, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून हे विशिष्ट काम शिकण्याची संधी पुढच्या पिढीला मिळाली नाही, कारण कामच बंद होते. पाठांतर तुटले तर पोथी उघडून सांधता येते. हाताची परंपरा तुटली तर परगावी जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहावे लागते. म्हणूनच आमचा विद्यार्थी आज दक्षिणेत आहे.

फुप्फुसांची कथा अधिक खडतर आहे, थोडक्यात सांगतो. १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपी येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी पहिले फुप्फुसरोपण केले. रोगी अठरा दिवस जगला. पुढील वीस वर्षांत जगभर चाळीसेक प्रयत्न झाले व जवळजवळ सर्व फसले. बहुतेक ठिकाणी घात होई तो श्वासनलिकेच्या सांध्यावर. रक्तवाहिन्या नीट जुळत, पण श्वासनलिकेची शिवण भरून न येता उसवत असे. कॅनडात टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांच्या चमूने पुन्हा प्रयोगशाळेची वाट धरली. तेथे आढळले की अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिले जाणारे स्टेरॉइड औषधच सांधा भरून येण्यास अडथळा करते. त्याच सुमारास सायक्लोस्पोरिन नावाचे नवे औषध हाती आल्यामुळे सुरुवातीला स्टेरॉइड टाळता आले. शिवाय पोटातील चरबीचा रक्तपुरवठा असलेला पडदा ओढून सांध्याभोवती गुंडाळण्याची युक्ती त्यांनी केली. १९८३ साली त्यांचा रोगी वाचला व पुढे सहा वर्षांहून अधिक जगला. स्टॅनफर्ड येथे डॉ. ब्रूस राइट्झ यांनी आधी माकडांवर वर्षानुवर्षे सराव करून १९८१ साली हृदय व दोन्ही फुप्फुसे एकत्र बसविली, तीही याच औषधाच्या आधाराने.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुंगीलाही पाय लागू देत नाहीत. त्यांना या कुत्र्या-माकडांच्या कथा ऐकून क्लेश झाले असतील. मलाही वाचताना झाले. आता सरावाचा बराचसा भाग जिवंत प्राण्यावर करावा लागत नाही. मांसासाठी मारलेल्या डुकराचे हृदय व फुप्फुसे आणतात. आकाराने व रचनेने ती माणसाच्या अवयवांना पुष्कळ जवळची असतात. ती टेबलावर मांडून, पेटीच्या खोलगट तोंडातून छातीत हात घालावा तसा हात घालून, लांब चिमट्यांनी व केसासारख्या निळ्या धाग्याने शिवावयाची. मग नळीने आत पाणी सोडावयाचे. जेथून गळेल तेथे टाका चुकला. विद्यार्थी लिहितो की पहिल्या महिन्यात त्याचे प्रत्येक हृदय गळत असे. वरिष्ठ काही न बोलता सगळे धागे कापून टाकीत व पुन्हा शिवावयास सांगत. पाटीवर पुसून पुन्हा गिरविण्यास लावणारा मास्तर सर्वत्र सारखाच, एवढे वाचून मला बरे वाटले.

ही पद्धत नवी आहे असे कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा एक संपूर्ण अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्यास कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर शिकावे. भेद करण्यास पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्या घ्याव्या. शीर वेधण्यास मेलेल्या जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. शिवण्यास जाड व बारीक वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या कडा. आणि पट्टा बांधण्यास माणसाच्या आकाराची बाहुली. शास्त्र सगळे पढलेला असला तरी ज्याने हा सराव केलेला नाही तो कर्माला अयोग्य, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपण सुश्रुताचे नाव अभिमानाने घेतो, परंतु त्याच्या काकडी-कोहळ्याचा अध्याय सहसा कोणी वाचून दाखवीत नाही.

टेबलावर हात बसला की दुसरी पायरी दात्याच्या शरीरातून अवयव काढून आणण्याची. हे काम बहुधा रात्री, परगावी, परक्या शस्त्रक्रियागृहात असते. येथे एक नाजूक वाटणी करावी लागते. हृदय एका रोग्याला व फुप्फुसे दुसऱ्याला जावयाची असतील तर मध्ये असलेली डाव्या कर्णिकेची भिंत दोघांनाही हवी असते. हृदयाकडे काठ जास्त गेला तर फुप्फुसे बसविणाऱ्याला धरावयास काही उरत नाही. उलट झाले तर हृदयवाल्याची अडचण. दोन चमूंचे शस्त्रवैद्य समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या संमतीने ती रेषा कापतात. आपल्याकडे बांधावरच्या एका हाताच्या जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात जातात, त्यांनी ही वाटणी एकदा पाहावी. नंतर थंड द्रावणाने धुऊन हृदय पिशव्यांत घालून बर्फावर ठेवतात. फुप्फुसे मात्र हवेने थोडी फुगलेली ठेवूनच बांधतात.

तिसरी पायरी रोग्याच्या छातीत शिवण्याची. तीही एकदम मिळत नाही. प्रथम वरिष्ठांसमोर उभे राहून धागा धरणे, मग महाधमनीची एक शिवण, मग दुसरी, आणि ती मागची डाव्या कर्णिकेची शिवण सर्वांत शेवटी. अमेरिकेत हृदयरोपणाच्या केंद्रातील मुख्य शस्त्रवैद्य होण्यास शिक्षणकाळात प्रमुख किंवा पहिला साहाय्यक म्हणून किमान २० रोपणे व १० वेळा अवयव काढण्याचे काम केलेले असावे लागते. वीस हा आकडा लहान वाटेल. परंतु आपल्या संपूर्ण देशात २०२३ साली झालेली हृदयरोपणे सव्वादोनशेच्या आसपास होती आणि त्यांतील बहुतेक थोड्याच शहरांत झाली. एखाद्या केंद्रात वर्षाला दहा रोपणे झाली व शिकणारे दोघे असले, तर वीस पुरी होण्यास प्रत्येकाला किती वर्षे लागतील, हे तिसरीतील मुलगाही सांगेल.

रोपणे थोडी का, तर दाते थोडे. त्याच वर्षी मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते साऱ्या देशात अकराशेच्या आसपास होते. अपघाताने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने मेंदू मृत झाला, छाती मात्र यंत्रावर वरखाली होत आहे, अशा वेळी रुग्णालयातील माणूस येऊन विचारतो. त्या क्षणी घरच्यांवर काय ओढवलेले असते हे मी जाणतो, आणि नकार देणाऱ्या कोणालाही दोष देण्याचे धैर्य मजजवळ नाही. परंतु हा विषय त्या क्षणी प्रथमच निघू नये. घरातील कर्त्या माणसांनी सणावारी सारे एकत्र असताना आपली इच्छा बोलून ठेवावी. आमच्या घरी मी व माझ्या कुटुंबाने ती बोलून, लिहून ठेवली आहे. सूनबाईंना प्रथम ऐकवेना. आता तो कागद त्यांच्याच कपाटात आहे.

शेवटी कामाचे. आपल्या शिष्यवृत्ती-निधीच्या नियमांत असे कलम आहे की विद्यार्थ्याचे वय पंचवीस पूर्ण झाले की साहाय्य बंद होते. हा नियम झाला तेव्हा पंचविसाव्या वर्षी मनुष्य नोकरीला लागून चार पैसे घरी देत असे. करणाऱ्यांनी तो विचारपूर्वकच केला. पण वर मांडलेला हिशेब पाहिला तर हृदयाचा शस्त्रवैद्य होऊ इच्छिणाऱ्या मुलाचे वा मुलीचे खरे शिक्षण त्या वयानंतरच सुरू होते. या वर्षी गौरव झालेल्यांत तीन मुली वैद्यकीय महाविद्यालयात जात आहेत. ज्या घरांत पैसा आहे तेथे पुढची सात-आठ वर्षे निघून जातील; ज्या घरांत नाही तेथे मुलीला पहिल्या पदवीवरच थांबण्यास सांगितले जाईल, आणि कोणाला त्यात वावगे वाटणार नाही. यास्तव पदव्युत्तर वैद्यकीय व तत्सम दीर्घ शिक्षणासाठी वयाची मर्यादा पस्तीस करावी, आणि रक्कम देणगी म्हणून न देता बिनव्याजी कर्जाऊ द्यावी, असा ठराव मी तयार केला आहे. निधीवर किती भार पडेल याचे कोष्टक खजिनदारांनी करून दिले असून ते ठरावासोबत जोडले आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी अनुमोदक म्हणून सही केली आहे. ठराव दुपारी तीन वाजता सर्वसाधारण सभेपुढे येईल. भोजन झाल्यावर मंडळींनी गाडीची घाई न करता तेवढा वेळ थांबावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.